होडी, चष्मा आणि भिंतीवर चालणारी मुलं: १९८४-८५च्या सुमारास पाहिलेला सिनेमा कुणाला आठवतोय का?

शमा_७९
८ जून, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. वीसेक वर्षं एका सिनेमाच्या मागावर आहे. लहानपणी, साधारण पाच वर्षांची असताना आबांनी (माझे वडील) दाखवलेला. आबा १९९१ साली गेले, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नाही. आई म्हणते, "मला काय माहीत, मी तेव्हा बाळंतीण होते." धाकट्या भावाचा जन्म ऑक्टोबर १९८४चा, म्हणजे सिनेमा त्याच सुमारास पाहिलेला असणार.

जे आठवतंय ते जसंच्या तसं लिहिते.

डोळ्यांवर चष्मा घालायला दिला होता, तो नाकावरून सारखा घसरायचा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी एक मोठा माणूस थेट आमच्याकडे बघून त्या चष्म्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होता. मग अंधारात कुणीतरी आइस्क्रीमचा कोन अगदी माझ्या नाकाशी धरला. मी हात पुढे केला आणि हाताला लागले पुढच्या बाईंचे खोबरेल लावलेले केस. त्या वळून हसल्या. त्यांच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास अजून आठवतो.

सिनेमात मुलं होती. एक मुलगी, दोन मुलगे आणि आणखी एक, जो त्यांच्यासारखा नव्हता. एका खोलीत ही मुलं गाणं म्हणत भिंतीवर चढतात, मग छताला उलटी उभी राहून चालतात. तेव्हा झगे, केस काहीच लोंबत नाही, आपण जमिनीवर असतो तसंच सगळं.

आणि शेवट. रात्र आहे, मुलं होडीतून घरी निघाली आहेत, पाण्यात दिवे थरथरताहेत. काठावर राक्षसाचे लांब लांब हात पाण्यावर वाकलेले. ते हळूहळू वर येतात, त्यात जाळं असतं आणि त्यातून पाणी ठिबकतं. त्या हातांची मला कितीतरी वर्षं स्वप्नं पडत होती.

भाषा आठवत नाही. हिंदी असावी असं आजवर धरून चालले आहे. कुणाला काही सुचतंय का?


गारवा
८ जून, रात्री १०.०५

छोटा चेतन! भिंतीवर चालणारी मुलं म्हटलं की तोच. आम्ही सगळ्या चुलत भावंडांनी मिळून पाहिला होता.


शमा_७९
८ जून, रात्री १०.२०

गारवा, धन्यवाद. हे नाव आधीही दोन-तीन जणांनी सुचवलं होतं. पण छोटा चेतन १९९८चा, त्यात ऊर्मिला मातोंडकर आहे. तेव्हा मी कॉलेजात होते. म्हणून तो बघायच्या भानगडीत पडले नाही.


भटकंती
८ जून, रात्री ११.१०

चष्मा आणि १९८५ म्हणजे 'शिवा का इन्साफ' तर नाही? हिंदीतला पहिला थ्रीडी सिनेमा. जॅकी श्रॉफ, काळा पोशाख, तोंडावर मुखवटा. आम्ही दोन वेळा पाहिला होता. पण त्यात भिंतीवर चालणारी मुलं मला तरी आठवत नाहीत.


रीळवाला
९ जून, सकाळी ७.१५

शमाताई, मी बावीस वर्षं ऑपरेटर होतो. आधी जत्रेतल्या तंबूत, मग तालुक्याच्या टॉकीजमध्ये. तुमच्या वर्णनात दोन फार कामाच्या गोष्टी आहेत, त्यावर आधी विचारतो.

पहिली, चष्मा. काचा दोन रंगांच्या होत्या, एक लाल आणि एक निळी? की दोन्ही सारख्याच, काळसर? काळसर असतील तर तो पोलरॉइड चष्मा. त्याला साधा पांढरा पडदा चालत नाही, चंदेरी लागतो. म्हणजे तुम्ही सिनेमा जत्रेत किंवा शाळेच्या हॉलमध्ये पाहिलेला नाही, मोठ्या थेटरातच पाहिला आहे.

दुसरी, झगे. तुम्हाला त्या वयात तेवढं दिसलं आणि लक्षात राहिलं याचं मला फार कौतुक वाटतं. मुलांना दोरीने उलटं टांगून चित्रीकरण केलं असतं तर झगे आणि केस लोंबले असते. लोंबले नाहीत, याचा अर्थ पूर्ण खोलीच फिरवलेली आहे. खोलीचा सेट गोल फिरणाऱ्या सांगाड्यात बसवायचा आणि कॅमेरा त्याच खोलीला घट्ट बांधायचा. खोली फिरते तसा कॅमेराही फिरतो, त्यामुळे आपल्याला खोली जागेवरच दिसते आणि माणसं भिंतीवर चढताना दिसतात. मुलं मात्र कायम जमिनीवरच चालत असतात. एवढा खर्च मुलांच्या सिनेमासाठी आपल्याकडे कुणी केला, तर तो केरळच्या नवोदय स्टुडिओवाल्यांनी.

गारवा यांचं उत्तर बरोबर आहे, फक्त साल चुकलंय. छोटा चेतन हा मुळात मल्याळम सिनेमा, 'माय डिअर कुट्टिचात्तन'. प्रदर्शित झाला २४ ऑगस्ट १९८४ला. भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा तोच. निर्माते नवोदय अप्पच्चन, दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव जिजो. १९९७-९८मध्ये तोच सिनेमा नवी दृश्यं जोडून पुन्हा आणला. ऊर्मिला त्या जोडलेल्या भागात आहे.


शमा_७९
९ जून, सकाळी ८.०२

काचा काळसर होत्या! दोन्ही सारख्या. आणि सिनेमा सुटल्यावर दारात एक माणूस सगळ्यांकडून चष्मे परत घेत होता.

माझ्या अंगावर काटा आलाय. आज बुधवार, जुन्या बाजारात जाऊन छोटा चेतनची व्हीसीडी मिळते का बघते.


अनुराधा_बेळगाव
९ जून, दुपारी १२.३०

तो थेट आपल्याशी बोलणारा माणूस म्हणजे पक्का पुरावा आहे. तेव्हा डोळे येण्याची साथ होती आणि थ्रीडीच्या चष्म्यांमुळे डोळे येतात अशी अफवा उठली होती. म्हणून सिनेमाच्या आधी एक छोटी फीत दाखवायचे. त्यात मल्याळम नट प्रेम नझीर, अमिताभ, रजनीकांत, चिरंजीवी, जितेंद्र अशी मंडळी येऊन सांगायची की प्रत्येक खेळानंतर चष्मे निर्जंतुक केले जातात, काळजी करू नका. तुम्हाला आठवतो तो माणूस त्यांच्यापैकीच कुणीतरी.


शमा_७९
११ जून, रात्री १०.५०

व्हीसीडी मिळाली, शंभर रुपयांना. खोक्यावर चरे आहेत पण चालली. काल रात्री एकटीनेच पाहिली.

भिंत आहे. छत आहे. झगे लोंबत नाहीत. लहानग्या भुताला ताब्यात ठेवणारा मांत्रिक आहे, आणि तो आला तेव्हा मी पाय वर घेऊन बसले. म्हणजे त्याचीही भीती आत कुठेतरी होतीच, फक्त आठवत नव्हती. मुलीचे वडील दारू पितात आणि ते छोटं भूत त्यांची सगळी दारू स्वतः पिऊन टाकतं, तिथे मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही.

पण होडी नाही. मुलं होडीतून घरी जात नाहीत आणि पाण्यावरचे ते हातही कुठे नाहीत. मी दोनदा पुढेमागे करून पाहिलं. नवी दृश्यं जोडताना जुनी कापली असतील का? मूळ १९८४च्या प्रतीत होडी असेल का?


रीळवाला
१२ जून, सकाळी ६.५५

कापली असण्याची शक्यता असते, नाही म्हणत नाही. रिळं थेटरोथेटरी फिरताना तुटायची. तुटलं की आम्ही दोन्ही टोकं कापून सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावणाने) जोडायचो, आणि प्रत्येक जोडात चार-सहा चौकटी जायच्या. आमच्याकडे अमरावतीहून पेट्या यायच्या, त्या गावोगाव फिरून आलेल्या असायच्या. कधी कधी एखादं गाणं निम्मंच उरलेलं असायचं.

पण शेवटचा अख्खा प्रसंग गाळणं वेगळं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. मूळ प्रमाणपत्र आणि नव्याचं, दोन्ही मिळाली तर लांबीचा हिशेब लावता येईल. पस्तीस एमएमला मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर.


माणदेशी
१२ जून, सकाळी ११.४०

धागा वाचून राहवलं नाही, माझाही एक शोध टाकतो. विषयांतर वाटलं तर माफी असावी.

गाव आटपाडीजवळ. १९८३ किंवा ८४च्या गणपतीत मंडळाने साताऱ्याहून सोळा एमएमचं मशीन आणून चौकात सिनेमा लावला होता. एक मुलगा, जंगल आणि पांढराशुभ्र हत्ती. मुलाला घरचे मारायचे, हत्ती त्याचा दोस्त. मी पहिलीत होतो. हा सिनेमा रशियन होता हे मला नक्की आठवतंय, कारण सुरुवातीची अक्षरं रशियन होती. उलटं 'आर' होतं, तसं त्यांच्याकडेच असतं. रशियन सिनेमांच्या बऱ्याच याद्या पाहिल्या. भारत आणि रशिया यांनी मिळून केलेला 'रिक्की टिक्की तावी'सुद्धा पाहिला, पण त्यात मुंगूस आहे. हत्ती काही सापडला नाही.


रीळवाला
१२ जून, दुपारी १.०५

माणदेशी, चौकात पडदा लावला होता, तेव्हा तुम्ही पडद्याच्या कोणत्या बाजूला बसला होता?


माणदेशी
१२ जून, दुपारी १.२२

मागच्या. पुढे मोठी माणसं आणि पाहुणे. आम्ही पोरं कायम पडद्याच्या मागे, देवळाच्या पायऱ्यांवर.


रीळवाला
१२ जून, दुपारी १.३०

मग झालं. धोतराएवढ्या पातळ कापडाच्या पडद्यावर मागूनही चित्र स्वच्छ दिसतं, फक्त डावं-उजवं उलटं. तुम्ही इंग्रजी अक्षरं उलटी पाहिलीत. सिनेमा आपलाच आहे, 'सफेद हाथी', तपन सिन्हांचा. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं आहे त्याला. आणि आहे तो सत्तरच्या दशकातला, तुमच्यापर्यंत यायला त्याला पाच-सहा वर्षं लागली. सोळा एमएमच्या प्रती अशाच फिरायच्या. शोधताना पाहिल्याचं साल आणि सिनेमाचं साल वेगळं धरा, तेव्हा कुठे हाताला लागतं.


माणदेशी
१२ जून, दुपारी ४.१५

सापडला. पाहिला. तोच आहे.

चाळीस वर्षं मी सगळ्यांना रशियन सिनेमा म्हणून सांगत होतो. रीळकाका, पाया पडतो तुमच्या.


सायली_ठाणे
१२ जून, सायंकाळी ६.००

मीही लगेच विचारून घेते. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. त्यात एक मुलगा असतो, त्याला स्वतःचं नाव-गाव काही आठवत नसतं आणि रस्त्यावर चेंडू झेलण्याचे खेळ करणारा एक माणूस त्याला सांभाळतो.


अनुराधा_बेळगाव
१२ जून, सायंकाळी ६.१२

'फटिकचंद', बंगाली, १९८३. कथा सत्यजित राय यांची, दिग्दर्शन त्यांच्या मुलाचं, संदीप राय यांचं पहिलंच. तो खेळवाला हारून म्हणजे कामू मुखर्जी.


सायली_ठाणे
१२ जून, सायंकाळी ६.१४

बारा मिनिटांत! डोळ्यात पाणी आलं. खूप खूप आभार.


लॉ_कॉलेज_रोड
१३ जून, सकाळी १०.३०

इथे शोधणाऱ्या सगळ्यांसाठी थोडी माहिती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासून. तिथे सिनेमांच्या प्रतींबरोबर पोस्टरं, छायाचित्रं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपून ठेवल्या आहेत. नाव माहीत नसेल तेव्हा या पुस्तिका फार उपयोगी पडतात, कारण त्यांत कथानकाचा सारांश असतो, तोही बहुतेक वेळा "पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा" अशा वळणावर थांबणारा.

शाळेत दाखवलेले सिनेमे शोधणाऱ्यांनी बाल चित्र समितीकडे वळावं. समिती १९५५ची. आपल्या सई परांजपे दोन वेळा तिच्या अध्यक्षा होत्या, 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' त्यांनी समितीसाठीच केले. २०२२मध्ये समिती, फिल्म्स डिव्हिजन आणि संग्रहालय ही सगळी एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. त्यामुळे जुने पत्ते आणि जुनी संकेतस्थळं बघत बसू नका.

एक कळकळीची विनंती. घरात कुणाच्या माळ्यावर जुनी रिळं पडली असतील आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती फिल्म कुजायला लागली आहे. फेकू नका, पण घरच्या घरी मशीनवर चढवूही नका. आधी संग्रहालयाला कळवा. त्या वासाची लागण शेजारच्या डब्यांनाही होते, म्हणून तो डबा वेगळा ठेवा.


शमा_७९
१३ जून, रात्री ११.२०

माणदेशींची पडद्यामागची गोष्ट वाचल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. त्यांनी बरोबर पाहिलं होतं, फक्त बसले होते मागे. मग माझी होडी? मी जे पाहिलं ते सगळं पडद्यावरचंच होतं का?

अजून एक गोष्ट आठवली, ती लिहून ठेवते. होडीत खूप माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर सायकलीसुद्धा. त्या राक्षसाच्या हातांना दगड बांधलेले होते, मोठे मोठे, एकाखाली एक, दोरीला.


विनया_कोची
१४ जून, सकाळी ९.०५

शमाताई, मी पहिल्यांदाच लिहिते आहे, आजवर नुसती वाचत होते. लग्न झाल्यापासून सोळा वर्षं कोचीत आहे.

दोरीला एकाखाली एक बांधलेले दगड वाचलं आणि उठून बसले. ती चिनी जाळी आहेत. इथे त्यांना चीनवला म्हणतात. सागाच्या नाहीतर माडाच्या लांब वाशांचा सांगाडा असतो, पाच-सहा पुरुष उंच, आणि त्याच्या टोकाला पसरलेलं जाळं. पाण्यात सोडतात तेव्हा सांगाडा अगदी वाकतो. वर घ्यायचं असलं की मागचे दगड एकेक करून खाली येतात आणि त्यांच्या भाराने हात वर उठतात. चार-सहा माणसं दोर ओढायला असतात, पण रात्री लांबून ती दिसत नाहीत. नुसते हात दिसतात. माझी लेक लहान असताना त्यांना घाबरायची.

एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला बोट येते. उतरायच्या जागेजवळच ही जाळी आहेत. बोटीत माणसं गच्च असतात.

तुम्ही मूळ मल्याळम सिनेमा इथे पाहिला आणि बोटीने घरी गेलात, असं तर नसेल? तुमच्या घरचं कुणी तेव्हा इकडे होतं का?


शमा_७९
१४ जून, सकाळी ९.३१

माझी आत्या. तिचे यजमान नौदलात होते. मला आठवतं ते त्यांचं कुलाब्याचं घर, पण त्या आधी त्यांच्या कुठे कुठे बदल्या झाल्या ते मी कधी विचारलंच नाही. आत्ता फोन करते.


शमा_७९
१४ जून, दुपारी १२.१८

तासभर बोलत होतो. जमेल तसं लिहिते, हात थरथरताहेत.

आत्या ८२ वर्षांची आहे. मी म्हटलं, "आत्या, १९८४च्या दिवाळीत तुम्ही कुठे होतात?" तिने क्षणभरही विचार केला नाही. "कोचीला. फोर्ट कोचीत भाड्याचं घर होतं आमचं. तुला घेऊन दादा आला होता. वहिनी तिकडे बाळंत झालेली, आणि तू आईसाठी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. म्हणून तो तुला माझ्याकडे घेऊन आला. कोकण रेल्वे कुठे होती तेव्हा? सोलापूर, गुंतकल करत दोन रात्रींचा प्रवास."

लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं. भाऊबीज करून निघायचं, पण मला ताप आला म्हणून थांबले, आणि ३१ तारखेला इंदिरा गांधी गेल्या. सगळं बंद. आणखी आठवडाभर आम्ही तिथेच. म्हणून आत्याच्या तारखा इतक्या पक्क्या आहेत.

"आणि सिनेमा?" मी विचारलं.

"अगं शमे, तो चष्म्याचा! अख्खं एर्नाकुलम लोटलं होतं त्याला. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण त्या पोरांचं गाणं तू पुढे चार दिवस आपल्या मनाने काहीच्या काही शब्द घालून म्हणत होतीस. आणि चष्मा परत देईनास. दारातला माणूस समजावून दमला. शेवटी दादाने सांगितलं, चष्मा दिला तर बोटीत पुढे बसवीन. तेव्हा कुठे दिलास."

मग मी हातांबद्दल विचारलं. आत्या म्हणाली, "बोट धक्क्याला लागत होती, त्याच वेळी कुणीतरी जाळं वर घेतलं. तू असली किंचाळलीस! दादाने तुझं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि घरापर्यंत तसाच उचलून चालत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला मुद्दाम तिथे नेऊन दाखवलं, बघ गं, यात मासे असतात म्हणून. पण तू डोळे उघडायला तयार नव्हतीस."

तो आबांचा सदरा मला आठवतो. खादीचा, खरखरीत. मी आजवर समजत होते की थेटरात घाबरून आबांच्या खांद्यात तोंड लपवलं होतं.


विनया_कोची
१४ जून, दुपारी १२.४०

वाचताना रडले.

ते गाणं 'आलिप्पळम पेरुक्कान' असणार, छतावर चालतानाचं. आलिप्पळम म्हणजे गारा. गारा वेचायला निघालेल्या मुलांचं गाणं आहे. संगीत इळैयराजांचं. इथे अजूनही बालवाडीच्या गॅदरिंगला असतंच.

ताई, कधीही या. आता पलीकडच्या बेटांना पूल झाले, पण बोट अजून चालू आहे. संध्याकाळच्या बोटीने जाऊ.


माणदेशी
१४ जून, दुपारी १.१०

शमाताई, शब्द नाहीत. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.


शमा_७९
१४ जून, रात्री ९.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या म्हणाली आहे, ऐंशी वर्षांच्या म्हातारीला विमानात घेत असतील तर मीपण येते. दिवाळीचा विचार आहे.

रीळकाका, एकच शेवटचं. प्रेम नझीर वगैरे मंडळी चष्म्याबद्दल सांगतात, ती सुरुवातीची फीत कुठे बघायला मिळेल का? आबांच्या मांडीवर बसून पाहिलेली पहिली गोष्ट तीच होती.


रीळवाला
१५ जून, सकाळी ६.४०

अवघड आहे, पण अशक्य म्हणणार नाही. रिळाची सुरुवात आणि शेवट हेच सगळ्यांत आधी झिजतात, कारण मशीनवर चढवताना हात तिथेच लागतो. त्यातून ही फीत पहिल्या रिळाच्याही पुढे जोडलेली. प्रत जुनी झाली की ऑपरेटर असा तुकडा काढून बाजूला ठेवून द्यायचा. पण बाजूला ठेवायचा, फेकायचा नाही. केरळमध्ये त्या वेळी काम केलेला कुणी जुना ऑपरेटर भेटला तर त्याच्या पेटीत असू शकेल. विनयाताईंनी एर्नाकुलमच्या जुन्या थेटरांत चौकशी करावी. व्यवस्थापकाला विचारू नका, ऑपरेटरला विचारा.


विनया_कोची
१५ जून, सकाळी ८.२०

आमच्या गल्लीतच एक चेट्टन (इकडे दादा म्हणायचा शब्द) आहेत, तीस वर्षं थेटरात होते. आज संध्याकाळी जाते त्यांच्याकडे.


शमा_७९
१५ जून, सकाळी ८.४५

वाट बघते. संपादक मंडळाला विचारायचं होतं, सिनेमा सापडला, तर आता शीर्षकातून 'होडी' काढून टाकू का? सिनेमात ती नाहीच.


अनुराधा_बेळगाव
१५ जून, सकाळी ८.५८

राहू दे, शमा. त्या दिवाळीत त्याच बोटीतून घरी गेलेलं दुसरं कुणी शोधत इथे आलं, तर त्यालाही होडीच आठवत असेल.